आकाशाशी अनुसंधान

(हवामान उपग्रहांचे संदेश घरच्या तबकडीने टिपणाऱ्या छांदिष्टांविषयी विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मे महिना सरत आला की महाराष्ट्रातल्या घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो : पाऊस कुठवर आला? एके काळी या प्रश्नाचे उत्तर आकाशवाणीच्या बातम्या देत. पुढे दूरदर्शनवर ढगांचे चित्र दिसू लागले. आता तेच चित्र प्रत्येकाच्या हातातील मोबाइलवर क्षणार्धात उमटते. केरळच्या किनाऱ्याशी जमलेले ढग असोत की अरबी समुद्रात घोंगावणारे चक्रीवादळ असो, सारे काही बोटाच्या एका स्पर्शावर येऊन ठेपले आहे. सोय झाली, यात शंका नाही. परंतु सोयीच्या पाठोपाठ विस्मरणही आले. हे चित्र कोणीतरी आकाशातून काढले, कोणीतरी ते जमिनीवर झेलले आणि मगच ते आपल्यापर्यंत पोहोचले, याची आठवणही आपल्याला होत नाही.

जगात काही माणसे मात्र अशी आहेत, की ज्यांचे समाधान या आयत्या चित्राने होत नाही. ती आपल्या गच्चीवर, अंगणात किंवा शाळेच्या छतावर स्वतःच्या हातांनी अँटेना उभारतात, डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाची वेळ काढतात आणि त्याने पाठवलेले पृथ्वीचे चित्र मधल्या कोणाच्याही मदतीविना थेट आकाशातून उतरवून घेतात. यांत शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत, निवृत्त कारकून आहेत, रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर आहेत. पोटापाण्याशी या उद्योगाचा काडीचाही संबंध नाही. आजचा विषय आहे ही माणसे, त्यांच्या तबकड्या आणि त्या तबकड्यांना आकाशात फिरवणारी यंत्रे. हा विषय आजच मांडण्याचे कारणही तसेच आहे. गेली साठ वर्षे या छंदाचे जे प्रवेशद्वार सर्वांसाठी सताड उघडे होते, त्याची मोठी झडप २०२५ साली मिटली.

साठ वर्षांचा टिकटिकाट

१ एप्रिल १९६० या दिवशी अमेरिकेने टायरॉस-१ हा उपग्रह सोडला. हवामानासाठीचा हा जगातील पहिला यशस्वी उपग्रह. तो अवघे ७८ दिवस चालला. परंतु तेवढ्या अवधीत त्याने एकोणीस हजारांहून अधिक उपयुक्त चित्रे पाठवली आणि ढगांची रचना वरून कशी दिसते, हे मानवाला प्रथमच सलगपणे दिसले. तरीही ही चित्रे झेलण्यासाठी प्रचंड आणि खर्चिक केंद्रे लागत. खरी क्रांती झाली ती २१ डिसेंबर १९६३ रोजी. त्या दिवशी सुटलेल्या टायरॉस-८ या उपग्रहावर चित्रे आपोआप प्रक्षेपित करणारी एक नवी यंत्रणा होती. तिचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव ए.पी.टी. उपग्रह जेथून जाईल तेथील चित्र तो तत्क्षणी खाली पाठवीत जाई. त्याला सांकेतिक कुलूप नव्हते आणि परवलीचा शब्दही नव्हता. ज्याच्याकडे साधा ग्राहक आणि अँटेना असेल, त्याने ते चित्र घ्यावे. लहान-मोठ्या सर्व राष्ट्रांच्या वेधशाळांना त्याचा लाभ झाला. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या निमित्ताने १९६३ साली मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र सुरू झाले आणि ए.पी.टी.ची चित्रे घेण्याची सोयही त्याच दशकात मुंबईत झाली.

वेधशाळांसाठी उघडलेल्या या दारातून छांदिष्टही आत शिरले. अमेरिकेच्या नोआ या संस्थेचे उपग्रह १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास ही चित्रे पाठवीत. प्रक्षेपकाची शक्ती फक्त पाच वॉट, म्हणजे रात्री तेवत ठेवायच्या छोट्या दिव्याएवढी. ते ऐकायला अर्ध्या मीटरहून किंचित लांब अशा धातूच्या दोन कांड्या, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारख्या १२० अंशांत जोडलेल्या, पुरत असत. त्या कुठे वळवाव्याही लागत नसत. उपग्रह क्षितिजावर आला की रेडिओतून घड्याळासारखा 'टिक-टॉक' असा नाद ऐकू येऊ लागे. चित्राच्या दोन ओळी दर सेकंदाला, अशी त्याची लय होती. बारा-पंधरा मिनिटांत तो नाद मावळे आणि संगणकाच्या पडद्यावर हिमालयापासून विषुववृत्तापलीकडच्या समुद्रापर्यंतचा पट्टा उमटलेला असे.

या मालिकेतील अखेरच्या तीन उपग्रहांपैकी नोआ-१८ हा ६ जून २०२५ रोजी, नोआ-१९ हा १३ ऑगस्टला आणि नोआ-१५ हा १९ ऑगस्टला सेवेतून निवृत्त करण्यात आला. यांतला नोआ-१५ मे १९९८ मध्ये सुटला होता. दोन वर्षे चालावे या अपेक्षेने बनवलेले ते यंत्र सत्तावीस वर्षे राबले. त्याच्या निवृत्तीबरोबर ए.पी.टी.चा तो परिचित टिकटिकाटही थांबला. रशियाच्या मेटिओर-एम मालिकेतील २०२३ आणि २०२४ साली सुटलेल्या उपग्रहांनी याच पट्ट्यात अंकीय चित्रे पाठवण्याची परंपरा चालू ठेवली, हा एक दिलासा. परंतु हवामान उपग्रहांचा मोठा प्रवाह आता वरच्या वारंवारतेकडे, म्हणजे १७०० मेगाहर्ट्झच्या आसपास वळला आहे. तेथे दोन कांड्यांनी भागत नाही. तेथे तबकडी लागते आणि ती तबकडी वळवावी लागते.

हा बदल संकट म्हणून पाहायचा की पुढच्या इयत्तेचे बोलावणे म्हणून, हा खरा प्रश्न आहे. दार बंद झाले म्हणून आयत्या चित्रांकडे परत फिरायचे, की एक पायरी वर चढायची?

तबकडी म्हणजे ओंजळ

प्रथम तबकडीचे तत्त्व समजून घेऊ. नळाची धार एका बोटावर घेतली तर चार थेंब मिळतात. ओंजळ धरली तर घोटभर पाणी मिळते. तबकडी ही अशी ओंजळ आहे. तिचा आकार मात्र कसाही चालत नाही. गणितात ज्याला अन्वस्त म्हणतात, त्या वक्राची ती वाटी असावी लागते. समोरून येणाऱ्या समांतर लहरी या वाटीवर कोठेही आदळल्या, तरी त्या परावर्तित होऊन एकाच बिंदूत एकवटतात. तो बिंदू म्हणजे नाभी. नाभीपाशी छोटी अँटेना बसवायची, की सगळ्या वाटीने गोळा केलेले धन तिच्या पदरात पडते. १७०० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी सुमारे साडेसतरा सेंटिमीटर असते. तेथे एक मीटर व्यासाची तबकडी संदेशाचे बळ दीडशे पटींहून अधिक वाढवते. लाभही तसाच मिळतो. जुन्या ए.पी.टी. चित्रात सुमारे चार किलोमीटरचा तपशील दिसे. या वरच्या पट्ट्यातील चित्रात तो सुमारे एक किलोमीटरवर येतो. ढगांच्या कडा, नद्यांची मुखे, खाड्या स्वच्छ ओळखू येतात.

तबकडी म्हटली की महागडे, चकचकीत उपकरण डोळ्यांसमोर येते. वस्तुस्थिती तशी नाही. लहरीला जाळीच्या भोकांतून निसटता येऊ नये, एवढीच अट असते. भोक लहरीच्या लांबीच्या एक दशांशाहून लहान असले की पुरते. साडेसतरा सेंटिमीटरच्या लहरीला पावणेदोन सेंटिमीटरपर्यंतच्या भोकांची जाळी भिंतीसारखीच भासते. म्हणून बाजारात मिळणारी साधी तारेची जाळी योग्य वाकाच्या सांगाड्यावर ताणून बसवली तर उत्तम तबकडी तयार होते. वारा जाळीतून आरपार जात असल्याने ती पावसाळ्यातही तग धरते.

हा काटकसरीचा मार्ग भारताला नवा नाही. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात 'साइट' हा उपग्रह-दूरदर्शनचा प्रयोग झाला. सहा राज्यांतील २४०० खेड्यांत थेट उपग्रहाकडून कार्यक्रम पोहोचवले गेले. तेथे बसवलेल्या सुमारे तीन मीटर व्यासाच्या अँटेना चक्क कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या होत्या. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून उभी राहिलेली महाकाय दुर्बीण हे याच विचाराचे भव्य रूप आहे. तेथील पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पोलादी पत्र्याच्या नाहीत. दोरखंडासारख्या ताणलेल्या तारांवर बारीक जाळी बसवून त्या घडवल्या आहेत. साध्या वस्तूतून मोठे काम करण्याची ही दृष्टी गच्चीवरच्या तबकडीपर्यंत येऊन पोहोचते.

ज्याला जाळी वाकवणे जमणार नाही, त्यानेही निराश होऊ नये. आज कित्येक इमारतींच्या गच्चीवर डीटीएचच्या छत्र्या निवृत्त होऊन गंजत पडल्या आहेत. साठ-सत्तर सेंटिमीटरची अशी छत्रीही या कामाला लावता येते. तिच्या तोंडाशी असलेला दूरचित्रवाणीचा ग्राहक काढावा आणि त्या जागी आपली छोटी अँटेना बसवावी. मात्र येथे दोन ठिकाणी नवशिक्याची हमखास फसगत होते. पहिली अशी की डीटीएचची छत्री जिकडे पाहताना दिसते, तिकडे ती पाहत नसते. तिची नाभी मध्यभागी नसून खालच्या कडेकडे असल्याने तिची खरी नजर दिसते त्यापेक्षा बरीच वर असते. दुसरी फसगत वेटोळ्याची. नाभीपाशी तांब्याच्या तारेचे मळसूत्री वेटोळे बसवतात. उपग्रहाकडून येणारी लहर उजवीकडे पीळ घेत येते. परंतु आरशात उजवा हात डावा दिसावा, तसा तबकडीवर आपटताच तिचा पीळ उलटतो. म्हणून वेटोळे डावे गुंडाळावे लागते. सर्व काही काटेकोर करून तार मात्र उजवी गुंडाळली आणि तासन्‌तास शांतता ऐकत बसले, असे अनेकांच्या बाबतीत घडते. चूक सापडते तेव्हा पुस्तकातले ध्रुवणाचे प्रकरण जन्मभर विसरत नाही.

आणखी एक गोष्ट पाळावी लागते. वेटोळ्यातून आलेला संदेश इतका क्षीण असतो, की लांबलचक केबलमधून तो खाली येईपर्यंत गोंगाटात बुडून जाईल. म्हणून त्याला बळ देणारा वर्धक तेथेच, वेटोळ्याच्या अगदी तोंडाशी जोडावा लागतो. एकदा गोंगाट मिसळला की पुढे कितीही मोठा आवाज केला, तरी गोंगाटही तितकाच मोठा होतो.

नजर रोखणारे यंत्र

तबकडीचे सामर्थ्य हीच तिची अडचणही आहे. तिला दूरचे ऐकू येते, ते एकाच दिशेचे. एक मीटरच्या तबकडीची नजर जेमतेम बारा अंश रुंद असते आणि त्या बारा अंशांच्या कडेला जाताच संदेशाचे बळ निम्म्यावर येते. दक्षिण कोरियाच्या जीके-२ए सारखा भूस्थिर उपग्रह असेल, तर प्रश्न सोपा होतो. मुंबईहून तो पूर्वेकडे, किंचित दक्षिणेला झुकून, क्षितिजापासून सुमारे पंचवीस अंशांवर एकाच जागी असतो. तबकडी एकदा रोखून घट्ट आवळली की झाले. परंतु ध्रुवीय कक्षेतील उपग्रह आठशे-साडेआठशे किलोमीटर उंचीवरून सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने धावत असतो. क्षितिजावर उगवताना तो तीन हजार किलोमीटरांहून दूर असतो, डोक्यावर येतो तेव्हा सेकंदाला अर्धा अंश सरकतो आणि साधारण पंधरा मिनिटांत दुसऱ्या क्षितिजाआड जातो. सूर्यफुलाने सूर्याकडे पाहत राहावे, तसे तबकडीने त्याच्याकडे पाहत राहिले पाहिजे. हे काम करणारे यंत्र म्हणजे रोटेटर.

रोटेटरला दोन हालचाली येणे आवश्यक असते. उत्तरेपासून क्षितिजाला समांतर फिरणे, याला ज्योतिषशास्त्रात दिगंश म्हणतात; आणि क्षितिजापासून वर उचलले जाणे, तो उन्नतांश. दोन मोटरी या दोन कोनांची जबाबदारी घेतात. मोटरीचा वेग कमी करून जोर वाढवण्यासाठी दंतचक्रांची साखळी असते. तिच्यात शेवटचे चक्र मळसूत्री, म्हणजे वर्म गिअर प्रकारचे असले, तर एक मोठा लाभ होतो. मोटर तबकडीला हलवू शकते, पण तबकडीचा भार किंवा वाऱ्याचा झोत उलट मोटरीला फिरवू शकत नाही. वीज गेली तरी तबकडी होती त्या जागी स्थिर राहते. शिवाय, तबकडीच्या मागच्या बाजूला वजन लावून तोल सांभाळला तर छोटी मोटरही पुरते.

यात काही अडचणी अनुभवानेच उमगतात. उपग्रह बरोबर डोक्यावरून जाणार असेल, तेव्हा तबकडी दक्षिणेकडे तोंड करून ताठ वर येते. पण पलीकडे उतरण्यासाठी तिला काही सेकंदांत अर्धे वर्तुळ फिरून उत्तराभिमुख व्हावे लागते. जेथे संदेश सर्वांत जोरदार, नेमकी तेथेच ती मागे पडते. यावर उपाय असा, की उन्नतांशाची मोटर नव्वद अंशांवर न थांबवता एकशे ऐंशीपर्यंत जाऊ द्यायची. मग मान न फिरवता तबकडी सरळ मागे कलते. जपानच्या याएसू कंपनीचा, हॅम मंडळींमध्ये प्रसिद्ध असलेला जोड-रोटेटर याच कारणाने १८० अंश उचलला जातो. क्षितिजाशी तो ३६० नव्हे, तर ४५० अंश फिरतो. उपग्रह उत्तर दिशा ओलांडत असताना केबल गुंतू नये म्हणून पूर्ण वर्तुळ उलटे फिरून येण्याची पाळी त्यामुळे येत नाही.

आता प्रश्न उरतो, तबकडीला उत्तर कोणती हे सांगायचे कसे? येथे आपल्या पूर्वजांचा सोबती ध्रुवतारा मदतीला येतो. महाराष्ट्रातून तो क्षितिजापासून साधारण सोळा ते बावीस अंशांवर दिसतो आणि खऱ्या उत्तरेपासून एक अंशही ढळत नाही. दिवसा हेच काम सूर्यनारायण करतो. नाभी मध्यभागी असलेली तबकडी सूर्याकडे वळवली असता नाभीवरच्या अँटेनाची सावली वाटीच्या बरोबर केंद्रावर पडली, की नेम अचूक साधला असे समजावे. त्या क्षणी सूर्य कोठे आहे हे गणिताने ठाऊक असते; तेच अंक रोटेटरच्या मापावर लावून घ्यायचे. उपग्रहाच्या कक्षेचे ताजे अंक खुलेपणाने प्रसिद्ध होत असतात. ते जीप्रेडिक्टसारख्या मोफत प्रणालीत भरले की पुढील प्रत्येक फेरीचे दिगंश-उन्नतांश संगणक क्षणाक्षणाला मोटरींना सांगत राहतो.

हे सारे विकत घ्यायचे तर खर्च बराच येतो, म्हणून अनेकांनी ते स्वतः घडवण्याचा मार्ग धरला. ग्रीसमधील अथेन्स येथे २०१४ साली सुरू झालेल्या सॅटनॉग्ज या प्रकल्पाने त्रिमिती छपाईचे भाग आणि सहज मिळणाऱ्या मोटरी वापरून रोटेटर तयार केला आणि त्याचे सर्व आराखडे जगासाठी खुले ठेवले. त्याच वर्षी त्या चमूला हॅकाडे पारितोषिक मिळाले. उपग्रहाने चित्र मुक्तपणे दिले, म्हणून ते झेलणाऱ्याने आपली विद्याही मुक्त ठेवली.

आधी हात, मग यंत्र

मात्र रोटेटर नाही म्हणून कोणी थांबावे, असे मुळीच नाही. या छंदाची मुळे पाहिली, तर साधनांच्या कमतरतेवर बुद्धीने केलेली मात पानोपानी दिसते.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात व्हीटन नावाचे गाव आहे. तेथे ग्रोट रेबर या तरुण रेडिओ अभियंत्याने १९३७ साली घराच्या आवारात, स्वतःच्या खर्चाने, साडेनऊ मीटर व्यासाची तबकडी उभारली. लाकडी सांगाडा आणि त्यावर पत्रा, असे तिचे स्वरूप होते. दिवसा नोकरी आणि रात्री आकाशाचे श्रवण, असा त्याचा क्रम होता. पहिले दोन प्रयत्न फसले. तिसऱ्या प्रयत्नात, १९३८ मध्ये, आकाशगंगेतून येणाऱ्या रेडिओलहरी त्याला सापडल्या. त्याची तबकडी फक्त वर-खाली होत असे. पूर्व-पश्चिम फिरवण्याचे काम त्याने पृथ्वीवरच सोपवले होते. पृथ्वी फिरेल तसे आकाश तबकडीसमोरून सरकत जाई.

हीच युक्ती आपल्याकडे उटकमंड येथे अधिक कुशलतेने योजली गेली. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम १९६५ साली मुंबईजवळ कल्याण येथे, ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या छोट्या बत्तीस तबकड्यांनी सूर्याचे वेध घेतले. पुढे १९७० साली उटकमंडची ५३० मीटर लांबीची दुर्बीण पूर्ण झाली. तिच्यासाठी डोंगराचा असा उतार निवडला, की त्याचा कल त्या स्थानाच्या अक्षांशाएवढा, म्हणजे सुमारे अकरा अंश होता. त्यामुळे दुर्बिणीचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर झाला आणि एकाच आसाभोवती फिरवून ताऱ्यामागे जाणे शक्य झाले. जेथे परदेशात दोन मोटरी लागल्या असत्या, तेथे एक डोंगर कामाला आला.

शाळांसाठी सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडमधील केटरिंग गावच्या शाळेचे आहे. तेथील भौतिकशास्त्राचे शिक्षक जेफ्री पेरी आपल्या विद्यार्थ्यांना साध्या रेडिओ-ग्राहकावर सोव्हिएत उपग्रहांचे संकेत ऐकायला शिकवीत. नोंदी आणि गणित, एवढीच त्यांची सामग्री. १९६६ साली या नोंदींतून त्यांनी दाखवून दिले, की काही उपग्रह आधीच्या ज्ञात तळावरून सुटलेले नाहीत. सोव्हिएत संघाचा उत्तरेकडे आणखी एक प्रक्षेपण तळ आहे. तो प्लेसेत्स्कचा तळ होता. महासत्तांनी गुप्त ठेवलेली गोष्ट एका शाळेच्या वर्गाने जगासमोर मांडली! चिकाटीने घेतलेली नोंद काय करू शकते, याचा याहून मोठा दाखला कोणता?

तेव्हा सुरुवात हातानेच करावी. हलकी तबकडी हातात किंवा कॅमेऱ्याच्या तिकाटण्यावर धरावी. एकाने संगणकावर संदेशाचे बळ पाहत 'थोडे डावीकडे, आता वर' असे सांगावे आणि दुसऱ्याने नेम धरून राहावे. २०१२ पासून दूरचित्रवाणीसाठी बनवलेला स्वस्त यूएसबी ग्राहक या कामासाठी वापरता येऊ लागला आणि संगणक हाच रेडिओ झाला. त्या बारा मिनिटांत हात अवघडतो, घाम येतो, मध्येच नेम चुकून चित्रात काळी पट्टी पडते. पण अखेर पडद्यावर कोकणची किनारपट्टी उमटते तेव्हा त्या मुलाला जे कळते, ते कोणत्याही तयार चित्राने कळलेले नसते. उपग्रह कक्षेत फिरतो हे त्याने वाचलेले नसते, तर आपल्या मनगटाने अनुभवलेले असते. रोटेटर हा त्यानंतरचा टप्पा. जे काम हाताने केले आहे, तेच यंत्राला शिकवायचे.

एक पथ्य, एक कर्तव्य

या छंदाला समाजाच्या दृष्टीनेही अर्थ आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या परिसरात विजेचे खांब कोसळले, मोबाइलचे मनोरे बंद पडले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. ज्या मोबाइलवर आपण ढग पाहतो, तो अशा वेळी काचेचा निर्जीव तुकडा ठरतो. उपग्रह मात्र ठरल्या वेळी वरून जातच असतो आणि चित्र पाठवीतच असतो. बॅटरीवर चालणारा संगणक आणि दोरीने नीट बांधून जपलेली तबकडी ज्या शाळेत असेल, त्या शाळेला ते चित्र तेव्हाही मिळू शकते. हॅम मंडळींचा संदेशवहनाचा अनुभव आणि ही चित्रे एकत्र आली, तर आपत्तीच्या प्रसंगी गावाला मोठा आधार होईल. भारताने हौशी रेडिओसाठीचा हॅमसॅट हा उपग्रह ५ मे २००५ रोजी सोडला, तेव्हा अशाच मंडळींचा त्याला हातभार लागला होता.

मात्र येथे एक पथ्य कटाक्षाने पाळले पाहिजे. चित्र म्हणजे अंदाज नव्हे. ढगांचा भोवरा पाहून 'वादळ आपल्या गावावर येणार' असे परस्पर जाहीर करणे हा छंद नसून बेजबाबदारपणा आहे. वाऱ्यांची मापे, समुद्राचे तापमान, रडार, गणिती प्रतिमाने हे सारे जुळवून इशारा देण्याचा अधिकार हवामान खात्याचा आहे. छांदिष्टाने चित्र समजून घ्यावे, समजावून द्यावे, अफवेला आळा घालावा. इशारा मात्र खात्याचाच मानावा. तबकडी बसवताना विजेच्या तारांपासून दूर राहावे, वळवाच्या कडकडाटात गच्चीवर जाऊ नये, वाऱ्याने उडून ती कोणाच्या डोक्यावर पडणार नाही याची काळजी घ्यावी, हे सांगायला नकोच.

भारताने हवामानासाठीच वाहिलेला आपला पहिला उपग्रह १२ सप्टेंबर २००२ रोजी सोडला. फेब्रुवारी २००३ मध्ये, अंतराळात प्राण वेचलेल्या कल्पना चावला यांच्या स्मरणार्थ, तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी त्याला कल्पना-१ हे नाव दिले. कर्नाल या गावातली एक मुलगी आकाशाकडे पाहत मोठी झाली आणि आकाशातच तिचे नाव कोरले गेले. आपल्या गावातल्या मुलांनाही आकाशाकडे पाहायला लावणे, हे आपले काम आहे.

एखाद्या शाळेने या वर्षी एवढाच संकल्प करावा. एक जुनी छत्री, तांब्याची तार, एक स्वस्त ग्राहक आणि जुना संगणक जमवावा. पाच-सहा मुलांचा गट करावा. त्यात एकाने गणित पाहावे, एकाने सुतारकाम, एकाने नोंदवही. पहिल्या प्रयत्नात काही दिसणार नाही, कदाचित पाचव्यातही नाही. तार उलटी गुंडाळली गेली असेल, नेम चुकला असेल, एखादा जोड सुटला असेल. पालकांनी तेव्हा 'मोबाइलवर दिसते की!' असे म्हणू नये. एवढा संयम त्यांनी दाखवला, तर येत्या मृगात त्याच गच्चीवर एक मूल पडद्याकडे बोट दाखवून सांगेल, की पाऊस कारवारपर्यंत आला आहे. आणि ते वाक्य त्याने कोठेही वाचलेले नसेल.